सहावं नाटक

कोल्हापुरात दिग्दर्शक व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. गणपती आले की तालमीत चार-पाच आपोआप उगवतात आणि सजीव देखाव्यात अफजलखानाने नेमकं कुठे कोसळायचं, हे वर्गणी देणारा प्रत्येक जण सांगतो. पंचाईत होते ती हे सगळं कागदावर दाखवायची वेळ आली की.

शिवाजी पेठेतल्या एका बी.कॉम. तरुणावर ती वेळ आली. १९५९ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम त्याला करायचा होता. अटी अशा: कुठल्याही विषयातली पदवी, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान आणि किमान सहा नाटकांचा अनुभव. पदवी होती. हिंदी पिक्चरांनी शिकवली होती. इंग्रजीचं पुढचं पुढं बघू, असं ठरलं. घोडं अडलं ते सहाव्या नाटकाशी.

युवा महोत्सवातल्या तीन एकांकिका झाल्या. राज्य नाट्य स्पर्धेतली दोन नाटकं धरली. एकात तो द्वारपाल होता, दुसऱ्यात प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे सगळ्या पात्रांचे संवाद बोललेला एकमेव माणूस, हा त्याचा युक्तिवाद.

“आणि सहावं?”

“देखावा घाल की मर्दा!” मित्र म्हणाला. “पाच रात्रीत पन्नास खेळ झाल्यात. कुठल्या नाटकाला एवढी गर्दी हुती?”

दुसरी अडचण आणखी अवघड. तिथे पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच. अभिनय की दिग्दर्शन, ही वाट पुढे फुटते. म्हणजे दिग्दर्शक व्हायला निघालेल्यालाही आधी परीक्षकांपुढे उभं राहून अभिनय करून दाखवायचा. “चार वर्सं दुसऱ्यास्नी नाचवलंस,” आई म्हणाली, “आता तू नाच.”

बाबांचा मुद्दा निराळाच होता. शिवाजी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवतात, केएमटीच्या बसने जाता येतं, मग दिल्ली कशाला? दिल्लीतून दळण आणायला परत बोलावता येत नाही, हे खरं कारण पोराने सांगितलं नाही.

तसं बघितलं तर या अर्जात कोल्हापूरचे भलेभले नापास झाले असते. १८९० साली जन्मलेले केशवराव भोसले पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षात, त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली. पदवीच्या रकान्यात ते काय लिहिणार? बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढे १९२० साली त्यांनीच ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले व्ही. शांताराम त्याआधी गंधर्व नाटक मंडळीत पोरगेलेसे उमेदवार होते. एकाचंही शिफारसपत्र कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

‘प्रयोगाचं ठिकाण’ लिहिताना मात्र तरुणाचा हात थांबला. पाचही ठिकाणी तेच नाव येत होतं: केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्याने पाचही वेळा पूर्ण नाव लिहिलं. ‘केभोना’ असं आखडलं नाही.

सहाव्या ओळीत ‘तालमीसमोर, भर रस्त्यात’ असं लिहून त्याने अर्ज पाठवला. प्राथमिक चाचणीला मुंबईचं केंद्र निवडलंय. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे.