मकबऱ्याचं किट

काटकसरीत किट कसं जमवावं, हे आमच्या शहराला सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. बीबी का मकबरा पाहा. खाली संगमरवर, वर घुमटाला संगमरवर, मधे काळा दगड आणि त्यावर झकास गिलावा. खर्चाची नोंद ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे मला फार आवडतात. बिल मागून घेणारा कुणीतरी तिथे नक्की होता.

आमच्या भाच्याने मात्र हा धडा घेतला नाही. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने अजिंठ्यात फोटो काळे येतात म्हणून तो नवी बॉडी घ्यायला निघाला. मी म्हटलं, "अरे, पन्नास एमएम, एफ १.८ घे. सगळ्यांत स्वस्त लेन्स. तुझी सध्याची झूम करून पन्नासच्या टोकाला नेली की ५.६ वर अडते. ही जवळजवळ दहापट उजेड आत घेते." त्याने माझ्याकडे, मी अजून रोल धुतोय अशा नजरेने पाहिलं. स्वस्त वस्तू चांगली असू शकते, यावर घरात कुणाचाच विश्वास नाही. (साडीवरही नाही.)

१८६०च्या दशकात रॉबर्ट गिलने त्याच लेण्यांचे फोटो काढले, तेही काचेच्या प्लेटांवर. भाच्याला हेही सांगून पाहिलं. "त्यांची बॅग कुठल्या कंपनीची होती?" त्याने विचारलं.

शेवटी त्याने सल्ला अर्धा मानला. बॉडी घेतली नाही. उरलेल्या पैशांत मोठा, महागडा फ्लॅश घेतला आणि रविवारी पहाटेच अजिंठ्याला निघाला. तिथे फ्लॅशला बंदी आहे, हे दारावरच्या पाटीने त्याला सांगितलं.