पान 37

लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी केलेल्या माणसाला नोंदीचं व्यसन लागतं. केमिकल कंपनीत शिफ्टवर गेलं की पहिलं काम लॉगबुक. तापमान किती, प्रेशर किती, व्हॉल्व्ह कधी उघडला, कोणी उघडला. चुकलं तर खोडाखोड नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. 26 वर्षं हे केल्यावर घरी दूध उतू गेलं तरी मी आधी घड्याळ बघतो, मग गॅस बंद करतो.

त्यामुळे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप कुणीतरी दाखवलं, तेव्हा मी ते भक्तिभावानं उतरवून घेतलं. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, यंदा किती वाचणार? बोनस हातात पडल्याच्या थाटात मी 52 लिहिलं. मार्चपासून तगादा सुरू झाला: तुम्ही 7 पुस्तकं मागे आहात. दिवसभर कंपनीत टार्गेट, रात्री उशाशीही टार्गेट! मग मी गैरमार्गाला लागलो. आरतीसंग्रह, मिक्सरबरोबर आलेली पाककृतींची पुस्तिका, पंचांग, सगळं चढवलं. पंचांगाला 4 तारे दिले. एक कापला, कारण शेवट आधीच कळतो.

गणपतीला पुण्याहून भाचा आला. त्यानं फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“मामा, तुम्ही काय वाचता हासुद्धा माल असतो. हे गुडरीड्स 2007 साली सुरू झालं, 2013 साली अ‍ॅमेझॉननं घेतलं. लोकांनी हौसेनं लिहिलेले अभिप्राय दुकानात जमा.”

म्हणजे भिशीतल्या बायकांची वही वाण्यानंच विकत घेतली म्हणायची.

“मग करायचं काय?”

“बुकवर्म. फेडरेटेड आहे.”

फेडरेशन म्हटलं की लोट्यात युनियनची आठवण होते, आणि युनियन म्हटलं की गेटवरची सभा. मी घाबरून विचारलं, वर्गणी किती? त्यानं समजावलं: एकच मालक नसतो. वेगवेगळे लोक आपापल्या सर्व्हरवर चालवतात. प्रत्येक वाडी आपापली, पण या वाडीतल्याचा निरोप त्या वाडीत पोचतो.

हे आईनं ऐकलं. ती ओट्याशी बसून बिरडं सोलत होती. “नाव काय म्हणालास? बुकवर्म? म्हणजे कसरच ना रे ती? पुस्तकं कसरीच्या ताब्यात द्यायची?” कोकणातल्या पावसात ज्यानं पुस्तकांचं कपाट सांभाळलंय, त्याला यात विनोद दिसणार नाही.

तरी मी पहिली नोंद करायला कपाटातलं 1958 सालचं पुस्तक काढलं. त्यावर आयएसबीएन नाही. असणार कुठून? ती पद्धत आली 1970 च्या सुमाराला. माझं पुस्तक आधार कार्डाआधी जन्मलेलं. भाचा म्हणाला, “सापडलं नाही तर आपणच नोंद करायची. ओपन लायब्ररीतही तसंच. जगातल्या प्रत्येक पुस्तकाला एक पान द्यायचा त्यांचा संकल्प आहे.” मला शंकर गणेश दाते आठवले. त्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त 1800 ते 1937 पर्यंतची मराठी पुस्तकं नोंदवली, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुढच्या भागात 1950 पर्यंत आले. आणि मी एका पुस्तकाचं प्रकाशनवर्ष टाइप करताना दमून चहा मागितला.

“एवढा खटाटोप कशाला?” आई म्हणाली. “मी पान 37 वर टिंब देते.”

आई लोटिस्माची जुनी सभासद. लोटिस्मा म्हणजे चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 पासूनचं. बाहेरच्यांना नावावरून ती लोट्याची शाखा वाटते. एसटीनं परशुराम घाट उतरून आई पुस्तकं आणायची आणि वाचून झालं की पेन्सिलीचं बारीक टिंब.

“37 च का, आजी?”

“पहिल्या पानावर ग्रंथपालांना दिसतं. आणि शेवटपर्यंत सगळे कुठे पोचतात?”

ती एकटी नव्हती. पान 51 वर कुणीतरी चांदणी काढायचं. त्या बाई कोण, हे आईला कधीच कळलं नाही. पण चांदणी असली की पुस्तक रडकं निघायचं, म्हणून सणासुदीला ती चांदणीवालं आणायची नाही. भाचा उभाच राहिला. “आजी, खातं नाही, पासवर्ड नाही, मालक नाही, आणि तरी शिफारशी मिळतात!”

“बेकायदेशीर आहे ते,” मी म्हणालो. शेवटी लॉगबुकवाला माणूस.

फक्त या पद्धतीत बॅकअप नव्हता. 2005 चा पूर आला, 2021 चा आला. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि आईची कितीतरी टिंबं गेली. पुढे तीच पुस्तकं कोऱ्या प्रतींत हाती आली की ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

परवा मी तिला एक कादंबरी आणून दिली. तिनं 37 वं पान उघडलं, टिंब नव्हतं. चष्मा पुसून बसली. तीन दिवसांनी म्हणाली, “नायिका आईकडे परत जाणार, हे मला ठाऊक होतं.”

“म्हणजे वाचलेलीच आहेस.”

“मग टिंब कुठाय?” असं म्हणून तिनं पेन्सिल मागितली.

मी दिली. शेजारी सही कर, असं अगदी ओठांवर आलं होतं.