हरले का ते?

१३ मे २०१२ हा इंग्लिश प्रीमियर लीगच्या त्या मोसमाचा शेवटचा दिवस होता. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडच्या मैदानावर यजमान संघ मँचेस्टर युनायटेडकडून एका गोलने हरला. गोल वेन रूनीचा. रीतीप्रमाणे संडरलंडच्या प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूंना चार शिव्या घालून घरची वाट धरायला हवी होती. पण तिकडे मँचेस्टर सिटीच्या अग्वेरोने इंज्युरी टाइममध्ये, अगदी शेवटच्या घटकेला गोल मारला. सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण झाले आणि केवळ गोलफरकावर विजेतेपद युनायटेडच्या हातून निसटलं. ही बातमी पोचली आणि संडरलंडचं स्टेडियम नाचायला लागलं. अक्षरशः नाचायला. सिटीवाले नाचतात तसं मैदानाकडे पाठ करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, उड्या मारत. स्वतःच्या घरात, स्वतःचा संघ हरलेला असताना. संडरलंडला यातून काय मिळालं? ना गुण, ना कप, ना तिकिटाचे पैसे परत. मिळालं ते एवढंच, की युनायटेडवाल्यांची तोंडं जवळून बघता आली. माझ्या मते फुटबॉलच्या आवडीनिवडीचं सगळं शास्त्र त्या दुपारी त्या स्टेडियममध्ये उघड्यावर पडलं होतं. आपण संघाचा राग करतो असं आपल्याला वाटतं, पण अकरा अनोळखी माणसांचा राग फार वेळ टिकत नाही. राग असतो तो शेजारच्या टेबलावर बसून टाळी मागणाऱ्याचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: छे हो, जो जिंकतो त्याचा राग येणारच, त्यात शास्त्र कसलं? वरवर पाहता खरं आहे. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मॅनेजर म्हणून युनायटेडला आले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्यांनी लीगची १३ विजेतेपदं जिंकली होती. १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर बायर्न म्युनिकविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी लागोपाठ दोन गोल मारून युरोपियन कपही आणला. तोही अशा वेळी, की बायर्नवाल्यांनी मनातल्या मनात कप घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवला होता. इतकं जिंकल्यावर लोक जळणारच. पण मग २०१३ नंतरचं काय? त्यानंतर युनायटेडने लीग जिंकलेली नाही. मॅनेजर आले नि गेले, करोडोंचे खेळाडू आले आणि येताक्षणी खेळणं विसरले. २०२४-२५ च्या मोसमात तर संघ वीस जणांत पंधरावा आला. जिंकण्याचाच राग असता तर तो एव्हाना ओसरून तिथे दया यायला हवी होती. पंधराव्या नंबरवर कोण जळतं? तरीही सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला प्रश्न तोच असतो, “काय रे, हरले का ते?” विचारणाऱ्याचा स्वतःचा संघ कुठे आहे हे त्यालाही धड आठवत नसतं.

आता मँचेस्टरमधलाच दुसरा संघ घ्या. मँचेस्टर सिटीने २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं लीग जिंकली. हे युनायटेडलाही कधी जमलं नाही, इंग्लंडमध्ये कुणालाच जमलं नव्हतं. पैसा अबू धाबीचा. शिवाय २०२३ मध्ये लीगने त्यांच्यावर आर्थिक नियम मोडल्याचे शंभरावर आरोप ठेवले, क्लबने ते फेटाळले, आणि प्रकरण वकिलांच्या हवाली झालं. म्हणजे मत्सर, पैसा आणि संशय अशी रागाची सगळी सामग्री एकाच ताटात वाढून ठेवलेली. तरी सिटीचा राग लोक कसा करतात? तत्त्व म्हणून. कर भरावा तसा. सिटीविषयी बोलताना माणूस ‘खेळाचं अर्थकारण’ वगैरे शब्द वापरतो. युनायटेडविषयी बोलताना त्याची नस फुगते. कारण साधं आहे. कोथरूडपासून ठाण्यापर्यंत चाळिशीतला एक अस्सल सिटीवाला शोधून दाखवा. सापडला तरी तो इतका नम्र निघेल की त्याच्याशी भांडायला जीव होणार नाही. युनायटेडवाला मात्र शोधावा लागत नाही. लिफ्टमध्ये असतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतो, कधीकधी जावई म्हणून घरात येतो. आताशा शाळकरी पोरांच्या अंगावर सिटीची आकाशी जर्सी दिसायला लागली आहे, आणि नेमका तेव्हापासूनच सिटीचा रागही जरा मनापासून यायला लागला आहे. याला मी योगायोग मानत नाही.

मानसशास्त्राने हे फार पूर्वी ताडलं आहे. हेन्री ताज्फेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० च्या आसपासचे. मुलांना सांगितलं, तुम्हाला क्लेची चित्रं आवडतात, म्हणून तुम्ही या गटात. तुम्हाला कँडिन्स्कीची, म्हणून त्या गटात. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती आणि गटात दुसरं कोण आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांना इतरांमध्ये पैसे वाटायला दिले. आपल्या गटाला झुकतं माप देणं समजू शकतं. पण बऱ्याचदा मुलांनी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्या गटापेक्षा जास्तच मिळायला हवेत अशी वाटणी निवडली. संडरलंडच्या स्टेडियमची ही शाळकरी आवृत्ती. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला क्ले कोण हे धड सांगता आलं नसतं, पण कँडिन्स्कीवाल्यांची जिरवायची हे त्याला पाच मिनिटांत कळलं.

दुसरा प्रयोग थेट युनायटेडवाल्यांवरच झाला आहे. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लँकॅस्टर विद्यापीठात केलेला हा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. युनायटेडच्या चाहत्यांना एकेकटं एका इमारतीतून दुसरीकडे पाठवायचं. वाटेत धावत येणारा एक माणूस त्यांच्यासमोर घसरून पडायचा, घोटा धरून कण्हायचा. अर्थात पढवलेला. अंगात युनायटेडची जर्सी असली तर बहुतेकांनी धावत जाऊन विचारपूस केली. लिव्हरपूलची असली तर बहुतेक जण पुढे निघून गेले. मग संशोधकांनी नव्या चाहत्यांशी आधी ‘युनायटेडवाले’ म्हणून न बोलता ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून गप्पा मारल्या, आणि काय नवल, आता लिव्हरपूलच्या जर्सीवाल्यालाही हात मिळू लागला! बंधुभावाचा हा विजय पाहून डोळे पाणावणार, तेवढ्यात तिसरा निष्कर्ष येतो. साध्या, कोणत्याही संघाचं चिन्ह नसलेल्या शर्टातला माणूस तसाच कण्हत राहिला. म्हणजे चाहत्याला शत्रू एकवेळ चालतो; ज्याला या भानगडीत रसच नाही, तो माणूस त्याला दिसतच नाही. मॅच चालू असताना चहा हवा का असं विचारणाऱ्या घरच्या मंडळींना हे संशोधनाशिवायही ठाऊक आहे.

लिव्हरपूलचा विषय निघाला म्हणजे इतिहासवाल्यांचा आक्षेप येणार. ते म्हणतील, युनायटेड-लिव्हरपूल वैराचा चाहत्यांच्या वागण्याशी काय संबंध, ते तर पोटापाण्याचं वैर आहे. मँचेस्टरच्या सूतगिरण्यांना लिव्हरपूल बंदराचे दर परवडेनात, म्हणून त्यांनी थेट समुद्रापर्यंत कालवा खणला. १८९४ मध्ये मँचेस्टर शिप कॅनाल सुरू झाला, जहाजं लिव्हरपूलला वळसा घालून आत जाऊ लागली, आणि आजही युनायटेडच्या चिन्हावर जहाज दिमाखात उभं आहे. सगळं मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? बांधावरचं भांडण ज्याच्याशी बांध लागतो त्याच्याशीच होतं, एवढंच. कालव्याने लिव्हरपूलचा राग समजतो. संडरलंडचा समजत नाही, आणि सांगलीचा तर अजिबात नाही. कालवा कुणी खणला हे ठाऊक नसताना सांगलीतला लिव्हरपूलवाला ज्या पोटतिडकीने युनायटेडला शिव्या घालतो, तिचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या बंदराच्या दरात नाही. तो शेजारच्या बेंचवर बसणाऱ्या मित्रात आहे.

‘त्यांना अंपायर सामील असतात’ हाही आक्षेप मी ऐकून ठेवला आहे. (फुटबॉलमध्ये रेफ्री असतो हे सांगून उपयोग नाही, रागाला परिभाषेचं बंधन नसतं.) एप्रिल १९९३ मध्ये शेफील्ड वेन्सडेविरुद्ध स्टीव्ह ब्रूसने सामना संपता संपता दोन गोल केले, त्यातला दुसरा इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला. तेव्हापासून फर्ग्युसन घड्याळाकडे बोट दाखवायला लागले की रेफ्रीच्या पोटात गोळा येतो, अशी आख्यायिका पसरली. असेलही. पण शेवटच्या मिनिटाचा गोल आपल्या संघाने केला की त्याला ‘जिद्द’ म्हणतात, हे आक्षेप घेणाऱ्यालाही माहीत असतं.

आता युनायटेडवाल्याची बाजू. त्याच्यावरचा मुख्य आरोप असा, की तो जिंकणाऱ्याच्या मागे गेला. आरोप खरा आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे केबलवर इंग्लिश फुटबॉल दिसायला लागलं तेव्हा जिंकत कोण होतं? युनायटेड. म्हणून आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेला मराठी फुटबॉलवेडा बहुधा युनायटेडचा निघतो. त्याच्याहून थोडा लहान असेल तर २००३-०४ मध्ये एकही सामना न हरता लीग जिंकलेल्या आर्सेनलचा, नाहीतर २००५ मध्ये इस्तंबूलला ०-३ वरून कप काढणाऱ्या लिव्हरपूलचा. संघ विचारावा आणि वय ओळखावं. पण आठवी-नववीतल्या पोराने काय करायला हवं होतं? गुणतक्त्यात सतरावा कोण आहे ते पाहून त्याच्यावर आजन्म निष्ठा वाहायला हवी होती? आणि ‘आम्ही तिथले, तुम्ही उपरे’ म्हणणाऱ्यांसाठी एक बारीकसा भूगोल: युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान मँचेस्टर शहराच्या हद्दीत नाहीच, ते शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये आहे. शिवाय जन्म कुठे घ्यावा हे कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे तिथे जन्मल्याचं कर्तृत्वही नसतं. उलट इथला माणूस मध्यरात्री दीड वाजता, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून, आपला संघ ब्राइटनकडून हरताना पाहतो आणि सकाळी सव्वासातची लोकल पकडतो. गेली दहा-बारा वर्षं हे व्रत चालू आहे. आणि तिथल्या प्रेक्षकांतल्या काहींना खेळापेक्षा कोळंबीच्या सँडविचमध्ये जास्त रस आहे, अशी तक्रार २००० साली खुद्द युनायटेडचा कर्णधार रॉय कीन यानेच केली होती. अबोल टीव्हीपुढे बसणाऱ्याकडे कोळंबी नसते.

मग त्याचा राग का येतो? कारण तो गप्प बसत नाही. संघ जिंकत होता तेव्हा तो वर्तमान सांगायचा, आता इतिहास सांगतो. तुम्ही कालच्या पराभवाचं बोला, तो १९९९ काढतो. १९९९ ला उत्तर दिलंत तर म्युनिक काढतो. ६ फेब्रुवारी १९५८ च्या त्या विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू होते; आणि दहाच वर्षांत मॅनेजर मॅट बझबी यांनी संघ पुन्हा उभा करून युरोपियन कप जिंकला. ही गोष्ट ऐकून कुणालाही युनायटेडबद्दल आदर वाटावा. पण ती वादात हुकमाच्या पानासारखी टाकली की आदराची जागा चिडचीड घेते. आणि चिडचीड कुठवर जाते हेही पाहिलं पाहिजे. म्युनिकच्या मृतांवरून युनायटेडला आणि १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेवरून लिव्हरपूलला हिणवणाऱ्या घोषणा तिकडच्या स्टेडियममध्ये वर्षानुवर्षं ऐकू आल्या आहेत. तिथे माझा विनोद संपतो. एवढंच म्हणतो, की त्या घोषणांमध्येही लक्ष्य संघ नसतो. समोरच्या स्टँडमध्ये बसलेली माणसंच असतात.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. तिथे फुटबॉल तालमींचं आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं घेतली की पेठ आली, पेठ आली की गल्ली आली. शाहू स्टेडियमवर आरडाओरडा करणाऱ्याला आपण कुणावर ओरडतोय हे नावानिशी ठाऊक असतं. खरी गंमत वर्ल्ड कपला येते. एका गल्लीत मेसीचा कटआउट लागतो, दुसरीत नेमारचा, आणि मधल्या चौकात अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील असा वाद पेटतो. ब्राझीलने कोल्हापूरचं काय वाकडं केलंय? काहीच नाही. पण पलीकडच्या गल्लीने केलेलं असतं, आणि ती गल्ली ब्राझीलची असते. तिने उद्या अर्जेंटिना धरली तर ही गल्ली रातोरात पिवळी होईल.

तरीही कुणाला शंका असेल तर २१ मे २०२५ ची रात्र घ्यावी. बिलबाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये लीगमध्ये तेव्हा सोळावा असलेला युनायटेड आणि सतरावा टॉटनहॅम समोरासमोर आले. आर्सेनलच्या चाहत्यावर बिकट प्रसंग. दोघेही हरावेत अशी त्याची मनापासून इच्छा, पण फायनलच्या नियमांत ती सोय नाही. कुणाचा विजय सोसायचा? लंडनमधल्या आर्सेनलवाल्याचा हिशोब सोपा: टॉटनहॅमवाला त्याच बसस्टॉपवर उभा असतो, तेव्हा जिंकू दे बापड्या युनायटेडला. पुण्यातल्या आर्सेनलवाल्याचा हिशोबही तितकाच सोपा, फक्त उलटा. त्याने उभ्या आयुष्यात टॉटनहॅमचा माणूस जवळून पाहिलेला नाही. युनायटेडचे मात्र एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सात आहेत. ब्रेनन जॉन्सनच्या गोलवर टॉटनहॅम १-० ने जिंकलं, सतरा वर्षांनी त्यांना कप मिळाला. भारतात तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते. एकाच संघाच्या त्या दोन भक्तांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह टाकावी आणि दुसऱ्याने जागरण विसरून अर्धा तास आधीच ऑफिस गाठावं, यात काहीच विसंगती नाही.