सोवळ्यातले भिंग

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली, की एकमुखी दत्ताला भाविक येतात, बाजारात मारवाडी-काठियावाडी घोडे येतात आणि घोड्यांमागोमाग भिंगराव येतात. दरवर्षी माणूस निराळा; पण अनेक खिशांचे जाकीट तेच आणि सोवळेही तेच.

टापांनी तापीकाठची धूळ उडवली, की भिंगराव बाजाराकडे पाठ करून मांडी ठोकतात. मग कॅमेऱ्याच्या भिंगाची पूजा सुरू. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकी उडते. मग मऊ ब्रश, पण त्याच्या केसांना बोट लावायचे नाही, बोटाचे तेल लागते. तरी डाग उरलाच तर खास कागदावर द्रवाचा एक थेंब. थेट भिंगावर टाकला तर कडेने आत झिरपतो. शेवटी मधून कडेकडे, हलक्या हाताने, गोल गोल.

चहावाला भाबडेपणाने खांद्यावरचा पंचा पुढे करतो, "द्या साहेब, पुसून देतो." भिंगराव कॅमेरा छातीशी कवटाळतात.

"अहो, धुळीत गारेचे कण असतात! कापडाखाली आले की ओरखडा ठरलेला. वरच्या लेपाचा एकेक थर केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. लेप नसला तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातले ४ भाग उजेड माघारी जातो. झाइस कंपनीत स्माकुलांनी १९३५ साली हा लेप..."

"ते खरं हो," चहावाला कपबशी विसळत म्हणतो, "पण तो पंचकल्याणी नाचून गेला ना!"

भिंगरावांचे एकही वाक्य खोटे नसते. राहून जाते ते एवढेच, की पुढच्या काचेवरचे चार धूलिकण फोटोत सहसा दिसतही नाहीत. उजेड विखुरतो तो बोटाचा तेलकट ठसा. आणि धुळीत बसून केलेल्या प्रत्येक पुसण्यात ओरखड्याची भीती असतेच. शेजारचा लग्नांचा फोटोग्राफर हूड लावून, काम झाले की झाकण घालून, दिवसभर घोडे टिपत असतो.

तेव्हा यात्रेला जाल तर हूड लावा, मैदानात लेन्स बदलू नका, ब्लोअर खिशात असू द्या. बाकीचे सोवळे रात्री मुक्कामावर.