वाहन क्रमांक : पायी

लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने आम्हांला गोव्याच्या क्रूझची तिकिटं काढून दिली. जहाजाला मजले किती, पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर, रात्री जेवायला काय काय असतं, सगळं त्याने फोनवर तपशीलवार सांगितलं. डोंबिवलीहून बल्लार्ड पियरला पोचायचं कसं, एवढंच राहिलं. त्याच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. मोबाइलवर बोट टेकवलं की दारात गाडी उभी. पण ज्याने एकतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलं, त्याने त्याच व्हीटीच्या पलीकडे दीडएक किलोमीटर जाण्यासाठी दारातून टॅक्सी करायची, हे मला स्वतःच्याच पासाशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. "आपण लोकलने जाऊ," मी म्हणालो. ही काही बोलली नाही. खास बोटीसाठी घेतलेली मोठ्या काठाची गवती टोपी तिने डोक्यावरून उतरवली आणि पिशवीत घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली की असल्या गोष्टींचा अर्थ विचारावा लागत नाही.

चाकांच्या दोन बॅगा घेऊन साध्या डब्यात शिरणं म्हणजे भरल्या पंगतीत उंट घेऊन जेवायला बसण्यासारखं, म्हणून आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, रिकामे क्रेट आणि एका कोपऱ्यात उपड्या टोपलीवर बसलेल्या एक कोळीणबाई होत्या. त्यांनी बॅगांकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या टोपीच्या काठाकडे. "कुठं चाललात?" "बोटीने गोव्याला." "भाऊच्या धक्क्यावरून?" "नाही, बल्लार्ड पियरवरून." बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तिथं मासळी नाय मिळत." समुद्राशी आमचं काय काम असू शकतं, याचा त्यांच्या परीने त्यांनी सरळ हिशेब लावला होता. पुढे कुर्ल्यापर्यंत त्या आमच्याकडे जरा कळवळ्यानेच पाहत होत्या.

भाऊचा धक्का म्हटल्यावर मात्र माझी गाडी रुळावरून उतरली. मी सात-आठ वर्षांचा असताना आम्ही मे महिन्यात देवगडला जायचो ते तिथूनच. तेव्हा क्रूझ नव्हती, नुसती 'बोट' होती. वडील आदल्या रात्री ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव गिरवायचे, वळकटी दोरीने आवळायचे आणि मग सामान मोजायचे. "सात नग, आणि आपण पाच." बसमध्ये चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, धक्क्यावर हमालाशी भाव करता करता मोजायचे. मोजणीच्या भरात एकदा धाकट्या भावालाच त्यांनी नगांत धरलं आणि एक ट्रंक जास्त झाली म्हणून आनंदले. डेकवर पोचलं की सतरंजी भिरकावून जागा धरायची. ही कला पुढे मला लोकलमध्ये रुमाल टाकताना फार उपयोगी पडली. देवगडला बोट बाहेरच उभी राही आणि किनाऱ्यावरून डुलत पडाव येई. त्या पडावात उतरताना आईने माझं मनगट असं धरलेलं असे की तिच्या बांगड्यांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत.

व्हीटीला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. नाव बदललं तरी पायांना ते अजून कळलेलं नाही. रिक्षा या बाजूला शीव-माहीम ओलांडून येत नाही, ती सवयीने शोधून झाली. एका टॅक्सीवाल्याने "बल्लार्ड पियर? चालत जा की," असा सल्ला दिला आणि तोही फुकट. "क्रूझ टर्मिनल कुठे?" असं एका चणेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "टर्मिनल? ते कुर्ल्याला. विमानाचं असेल तर अंधेरीला." शेजारी उभे असलेले एक आजोबा मात्र ओठांतली सुपारी सावरत म्हणाले, "ग्रीन गेट म्हणा ना! जीपीओवरून सरळ." मुंबईत पत्ता बरोबर असून चालत नाही, तो जुना असावा लागतो.

जीपीओच्या बाजूने जाणारा रस्ता वालचंद हिराचंद यांच्या नावाचा. सोलापूरच्या या माणसाच्या कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. जहाजवाल्याच्या रस्त्याने जहाज गाठायला निघालोय हे मला फार शुभ वाटलं. हिला वाटलं नाही, कारण तिच्या बॅगेचं एक चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलं होतं. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी जन्मलेली ती चाकं फुटपाथवर आजारी मांजरासारखी कण्हत होती. शेवटी मी बॅग उचलून खांद्यावर घेतली आणि चाकं हवेत गरगर फिरू लागली, बहुधा आनंदाने.

पुढचा बल्लार्ड इस्टेट १९१४ ते १९१८च्या दरम्यान उभा राहिला. जॉर्ज विटेटच्या आराखड्याने बांधलेल्या त्या एकसारख्या दगडी इमारतींची सावली रस्त्यावर शिस्तीत पडते. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेली माती टाकून ही जमीन तयार केली. म्हणजे आम्ही घाम पुसत चाललो होतो तो मुळात समुद्रच. आमचा सागरी प्रवास जहाजाच्या पाऊण किलोमीटर अलीकडेच सुरू झाला होता, आणि थोडी मळमळही होत होती.

गंमत म्हणजे एके काळी या बंदरावर थेट आगगाडी यायची. बल्लार्ड पियर मोल नावाचं स्टेशनच होतं. विलायतेची बोट लागायची, साहेब चार पावलं चालायचा आणि गाडीत बसायचा. १९२८मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच सुटायची ती थेट पेशावरला. आता २० सप्टेंबर २०२५ला उद्घाटन झालेलं नवं क्रूझ टर्मिनल आहे, वर्षाला दहा लाख प्रवासी येतील अशा बेताने बांधलेलं. त्या दहा लाखांत लोकलचं तिकीट खिशात असलेले किती, कोण जाणे. २९ ऑगस्ट १९३१ला गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले तेही बल्लार्ड पियरवरूनच, 'राजपुताना' बोटीने. बरोबरच्यांनी आणलेल्या बॅगा पाहून ते इतके संतापले की जादा सामान एडनहून परत पाठवायला लावलं. ही गोष्ट मी हिला नेमकी बॅगा ओढताना सांगितली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात मलाच एडनहून परत पाठवण्याची तयारी होती.

फाटकावर एक वही होती. नाव, वय, मोबाइल, मग 'वाहन क्रमांक'. शिपायाने पेन उचलून वर पाहिलं, आमच्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. "गाडी?" "नाही." "सोडून गेली?" "आलीच नव्हती." त्याने थोडा वेळ त्या चौकटीवर पेन धरून ठेवलं, मग सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'पायी'. वरच्या सगळ्या एमएच-शून्य-एक, एमएच-शून्य-दोनच्या रांगेत तो शब्द चप्पल काढून बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. "आजी, बसा दोन मिनिटं, पाणी घ्या," तो म्हणाला आणि त्याने स्वतःची खुर्ची सरकवली. ही बसली. मग पिशवीतली चेपलेली टोपी काढून गुडघ्यावर ठेवून हळूहळू तिचा काठ सरळ करू लागली. समोर भिंतीपलीकडे जहाजाचे वरचे मजले दिसत होते, पांढरेशुभ्र. मी उभा राहून मोजलं. दोन बॅगा, एक पिशवी, एक टोपी. चार नग, आणि आपण दोन.

तुम्हांला कधी जायचं झालं तर सांगून ठेवतो : व्हीटीला उतरा, जीपीओवरून सरळ चाला, क्रूझ विचारू नका, ग्रीन गेट विचारा. आणि बॅग एकच न्या.