पोंपादूरची पागा

फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतात, लिमोज आणि ब्रीव्ह या दोन शहरांच्या दरम्यान पोंपादूर नावाचे जे लहानसे गाव आहे, त्याचे नाव जिने दिगंतात पोहोचवले त्या बाईने आयुष्यात कधी त्या गावची वेस ओलांडली नाही, ही हकीकत तेथील मंडळी पाहुणा खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच अशा काही अभिमानाने सांगतात, की गैरहजेरी हाही एक राजमान्य सद्गुण असावा असे वाटू लागते. व्हर्सायच्या दरबारात राजाच्या प्रियेला राजरोस वावरायचे तर किताब हवा, किताबाला जमीन हवी, आणि पोंपादूरच्या मूळ घराण्याचा तर वंशच खुंटलेला. तेव्हा १७४५ साली पंधराव्या लुईने ही जहागीर तिला बहाल केली आणि ती मार्क्विज द पोंपादूर झाली. पुढे तिच्या केशरचनेलाही हेच नाव चिकटले, आणि दोन शतकांनी अमेरिकेतले गवई तरुण कपाळावर केसांचा डोंगर रचून ते मिरवू लागले. (प्रस्तुत लेखकाच्या मस्तकावर अशा स्थापत्याला जागा उरलेली नसल्याने त्याने या विषयात अधिक चौकशी केली नाही.)

गावाच्या मध्यभागी किल्लेवजा वाडा आहे. गोल बुरूज, त्यांवर निमुळती छपरे, आणि समोर घोड्यांच्या शर्यतीचे विस्तीर्ण हिरवे मैदान. अन्यत्र वाड्याच्या आश्रयाने तबेले असतात. येथे तबेल्यांच्या आश्रयाने वाडा उभा आहे असाच भास होतो. १७६१ साली लुईने येथे सरकारी अश्वपैदाशीचे ठाणे वसवले, आणि मालकिणीने जे केले नाही ते घोड्यांनी केले : ते येथे येऊन राहिले. राज्यक्रांतीत, १७९० साली, देशातल्या सरकारी पागा मोडीत निघाल्या. पण क्रांतीला घोडे नको असले तरी नेपोलियनला लढायांसाठी हवे होते, तेव्हा १८०६ साली त्याने हुकूम काढून त्या पुन्हा उभ्या केल्या.

आम्हांला पागा दाखवणारे गृहस्थ वयोवृद्ध, मितभाषी आणि वंशावळीच्या बाबतीत निष्ठुर होते. मासूद आणि अस्लान हे पूर्वेकडचे दोन घोडे आणि तीन इंग्लिश घोड्या यांच्यापासून आंग्ल-अरबी घोड्यांची पैदास कशी सुरू झाली, आणि १८४०च्या दशकात गायो नामक अधिकाऱ्याने तिला शिस्त कशी लावली, हे त्यांनी घरच्या कुलवृत्तांतासारखे ऐकवले. या जातीत अरबी रक्त शेकडा पंचवीस तरी असावे लागते. तेव्हा पणजी-खापरपणजीपर्यंतचे अपूर्णांक मांडून जो हिशेब चालतो, त्यापुढे आपल्याकडील गोत्र-प्रवर-नाडीचा खल म्हणजे बालवाडीचे अंकगणित होय. एखाद्या घोड्याच्या पित्याची कीर्ती कोणी गाऊ लागला, की गृहस्थ शांतपणे ती ऐकून घेत आणि एवढेच विचारीत : "आणि आईकडून?"

तथापि मला खरे कौतुक वाटले ते येथील मर्यादेचे. वळू घोडे गावात वाड्यालगत, आणि घोड्यांच्या माद्या काही मैलांवर ला रिव्हिएर येथील कुरणांत, असा बंदोबस्त पूर्वापार होता; उभयतांची भेट घडायची ती दप्तरी नोंद होऊन, वरिष्ठांच्या संमतीने आणि संततीचा दाखला निघेल अशा बेताने. ज्या जहागिरीची सनदच मुळी राजाच्या विवाहबाह्य स्नेहापोटी निघाली, तिच्या हद्दीत चतुष्पादांना मात्र कागदपत्रावाचून प्रेम करण्याची मुभा असू नये, हा न्याय पंधराव्या लुईला कोणत्या तोंडाने सुचला असेल, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

निघताना, आमच्याही मुलखात भीमा-नीरेच्या खोऱ्यांत भीमथडी तट्टे होती, काटक, अल्पभोजी, त्यांच्या पाठीवर मराठ्यांनी दूरदूरच्या मोहिमा केल्या, असे मी किंचित छाती काढून सांगितले. गृहस्थांनी ते आदराने ऐकले. मग तट्टांचा विषय सोडून त्यांनी मलाच आपादमस्तक न्याहाळले आणि मी मूळचा कोठला असे विचारले. मी म्हणालो, देशावरचा.

"आणि आईकडून?"

कोकणातला, असे सांगताच त्यांनी मान डोलावली. मिश्रण त्यांना एकंदरीत पसंत पडले असावे, कारण जाता जाता त्यांनी माझे गुडघे कसे आहेत याचीही आस्थेने चौकशी केली.