चतुःसीमा

म्हैसूरच्या विजयनगर चौथ्या स्टेजमधील ते घर नाकारण्यास एकही सबळ कारण सापडेना, तेव्हा मला खरी चिंता लागली. कर्जाचे अर्ज नामंजूर करण्यात ज्याची चौतीस वर्षे गेली, त्या मनुष्यास दोन खोल्या, एक पडवी आणि मागे शेवग्याचे झाड एवढ्या निरुपद्रवी मालमत्तेत खोट काढता येऊ नये, ही नामुष्की पेन्शनच्या वयात सोसणे कठीण जाते. आमच्या कुटुंबाने बँकेच्या जुन्या डायरीत उभी रेघ ओढून 'सोयी' आणि 'गैरसोयी' अशी दोन खाती पाडली होती. डावीकडे बसथांबा, दवाखाना, भाजी, पिठाची गिरणी, शहरात न शिरता बेंगळूरुच्या रस्त्याला नेऊन सोडणारा रिंगरोड, आणि त्या रस्त्याने दर शनिवारी येईन म्हणणारा मुलगा, अशा सतरा नोंदी होत्या. उजवी बाजू कोरी होती, आणि ती भरण्यासाठी पेन्सिल माझ्यापुढे सरकवण्यात आली. पुष्कळ विचारांती मी लिहिले, 'लांब.'

"कशापासून?" हिने विचारले.

या प्रश्नाचे खरे उत्तर 'राजवाड्यापासून' असे होते, आणि ते उच्चारण्याची छाती मला झाली नाही. गेली अकरा वर्षे आम्ही चामराजपुरम् येथे एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहत आहो, आणि पुण्यास सदाशिव पेठेत राहणाऱ्या आमच्या नानांना मी पहिल्याच पत्रात कळविले होते की, आमचे बिऱ्हाड राजवाड्याच्या सावलीत आहे. हे विधान सर्वस्वी असत्य म्हणता येणार नाही. चामराजपुरम् राजवाड्याच्या पश्चिमेस पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि सूर्योदयाच्या अगदी पहिल्या क्षणी, मध्ये दुसरी इमारत नसती तर, ती सावली आमच्या माडीवर खासच पडली असती. दर रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर लाखाच्या घरात दिवे लागतात, तेव्हा त्या विजेचे बिल जणू मीच चुकते करतो अशा मुद्रेने मी पाहुण्यांना फाटकापाशी उभे करीत असे. "पाहुण्यांवाचून आपण किती वेळा गेलो हो?" असे हिने विचारले, तेव्हा हिशेब दोनाच्या वर जाईना, त्यांतही एकदा विसरलेली छत्री आणायला गेलो होतो.

माणसाला घर हवे असते, हा माझा समज चुकीचा ठरला. त्याला पत्ता हवा असतो. त्यातून म्हैसूरसारख्या संस्थानी गावात मराठी मनुष्य राहू लागला की त्याच्या अंगी हळूहळू दिवाणगिरी भिनते. व्ही. पी. माधवराव 1906 ते 1909 येथे दिवाण होते, त्यांच्यामागून टी. आनंदराव 1912 पर्यंत. दोघेही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. या परंपरेत 1912 नंतर जो खंड पडला तो भरून काढण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, असे मला बाजारात वांगी घेताना अनेकदा वाटले आहे. पानवाला 'रायरे' म्हणून हाक मारतो. ते येथे कोणाही वयस्क गृहस्थास म्हणतात, ही माहिती मला बरीच उशिरा मिळाली आणि मी ती फारशी मनावर घेतली नाही.

आता अशा मनुष्याने नानांना कोणता पत्ता कळवावा? घर क्रमांक अमुक, तिसरा क्रॉस, सातवा मेन, दुसरा फेज, चौथा स्टेज! हा पत्ता आहे की एखाद्या असाध्य दुखण्याचा वृत्तांत? 'चौथ्या स्टेजला आहोत' असे पूर्वीसारखे तारेने कळविता आले असते तर नाना तांदळाची पिशवी टाकून पुढच्या गाडीने आले असते. उलट जुन्या गावातील नावे पाहा: नजरबाद, लष्कर मोहल्ला, मंडी मोहल्ला, देवराज मोहल्ला; उच्चारताच कोठेतरी नौबत झडते. त्यातही गंमत अशी की, ज्यास सारे गाव 'सबर्बन बसस्थानक' म्हणते ते गावाच्या ऐन मध्यावर आहे; म्हणजे उपनगर हे नगरात आणि माझे भावी घर मात्र आकड्यांत.

विषय शब्दांकडे वळलाच आहे तर थोडे विषयांतर करतो, कारण या एका बाबतीत मला आवरणे आजवर कोणास साधलेले नाही. म्हैसूरच्या दफ्तरात पूर्वी कानडी व फारशीबरोबर मराठीही चालत असे, आणि म्हणून अमलदार, शिरस्तेदार, दरखास्त, जमाबंदी, बंदोबस्त हे शब्द येथील कचेरीत कानी पडले की माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. परंतु माहेरची माणसेच अधिक फसवितात. संस्कृत ही मराठीची सख्खी आणि कानडीची मानलेली आजी खरी, पण तिने आपले दागिने नातवंडांत वाटताना कोणता कशासाठी ते सांगितलेले दिसत नाही. पाणीपट्टीविषयी मी आमच्या घरमालकांस मोठ्या सौजन्याने माझे 'अनुमान' सांगितले; कानडीत अनुमान म्हणजे संशय, हे मला ठाऊक नव्हते, आणि ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या अबोल्यात मी स्वस्थ बसून कानडी-मराठी समान शब्दांचे एक टिपण केले, जे अद्याप अप्रकाशित आहे व ज्यातील बहुतेक अर्थ चूक आहेत.

या विद्वत्तेनिशी मी दलालापुढे उभा राहिलो. घराला आणखी कोणी गिऱ्हाईक आहे काय, आम्हांस विचाराला सवड मिळेल काय, असे मी विचारले. त्याने मान हलवून प्रसन्नपणे सांगितले, "अवसर इल्ल, रायरे." 'इल्ल' म्हणजे नाही, तेव्हा अवसर नाही, संधी गेली, घर हातचे गेले! परतीच्या बसमध्ये मी जितका शोक केला तितका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. घरी येऊन खालच्या सुरात वार्ता सांगितली. हिने कानडी कोणत्याही टिपणातून नव्हे, तर भाजीवालीशी घासाघीस करून कमावलेले. ती पदराने तोंड दाबून हसली आणि म्हणाली, "अहो, अवसर म्हणजे घाई. घाई नाही, सावकाश सांगा म्हणाला तो."

मग तिने, माझी मिजास ज्या पायावर उभी होती, तो पायाच काढून घेतला. चामराजपुरम् तरी काय, ती म्हणाली; जुनी माणसे अजून त्या भागाला 'एक्स्टेन्शन' म्हणतात ते उगाच? दरबाराने 1903 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड काढले ते गाव बाहेर वाढविण्यासाठीच ना? आर. के. नारायण यादवगिरीस राहायला गेले तेव्हा ती शहराची कडाच होती. आज त्यांचे घर पाहायला तुम्ही पाहुण्यांना नेता. मी गप्प राहिलो. नऊ बदल्यांत नऊ बिऱ्हाडे या बाईने मांडली आणि मोडली, आणि प्रत्येक वेळी मी ऑफिस किती जवळ आहे ते पाहिले. नळ किती वाजता येतो, हे तिने. कोठे राहावयाचे, असे मी तिला एकदाही विचारले नव्हते. आणि आता तिने सतरा नोंदी लिहून मला विचारले होते, तर मी 'लांब' लिहून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे गेलो. फाटकाजवळच्या दगडावर शेजारच्या हिनकल गावचा एक म्हातारा बसला होता. मी गच्चीवरून चामुंडीची टेकडी दिसते की नाही याचा तपास करीत असता ही त्याच्याशी बोलू लागली. हा सगळा भाग आमच्या शेतांचा, तो म्हणाला. या तुकड्यात नाचणी होत असे. मोबदला मिळाला, त्यात मुलींची लग्ने झाली, तक्रार काही नाही. शेताला नाव होते का, असे हिने विचारले. होते: 'हुणसेमरद होल', चिंचेच्या झाडाचे शेत. चिंच कोठे होती, ते त्याने काठीने दाखविले. तेथे आता घराची मोरी आहे. पुढे तो हसत म्हणाला की, अंधार पडल्यावर नातू फोनवर विचारतो, आजोबा, कोणत्या क्रॉसला आहात, आणि त्याला काही केल्या आकडा आठवत नाही. माणूस स्वतःच्या शेतात वाट चुकला होता.

मला संताप आला, आणि तो प्रथम कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढणाऱ्यांचा आला. इतक्या क्रॉसांतून एका क्रॉसला चिंचेचे नाव दिले असते तर कोणाच्या तिजोरीला भोक पडणार होते? पण तो संताप फार वेळ दुसऱ्यावर टिकेना. नाव नाही म्हणून ज्याने महिनाभर गळा काढला, त्या दिवाणसाहेबांना त्या जमिनीचे नाव विचारण्याची बुद्धी झाली नव्हती.

खोड मात्र जात नाही. परतताना मी हिला सांगून टाकले की, दारावर 'हुणसेमरद होल' अशी पितळी पाटी लावू. नानांना हे एखादे प्राचीन स्थलनाम वाटेल. "पाटी मागाहून," ती म्हणाली, "आधी टाकीला गळती आहे का ते बघा."

परवा खरेदीखताचा मसुदा झाला. लेखकाने 'चक्कुबंदी', म्हणजे आपली चतुःसीमा, मोठ्याने वाचून दाखविली: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस साइट क्रमांक अमुक, दक्षिणेस साइट क्रमांक तमुक, उत्तरेस आणखी एक. यात चिंचेचे शेत कोठे घालता येईल काय, असे मी विचारले. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तसा रकाना नव्हता. मग त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवले आणि म्हणाला, "इल्लि रुजु माडि."

कानडीत रुजु म्हणजे सही. एवढे आता माझ्या टिपणातही बरोबर लिहिलेले आहे. पण नऊ गावांत ऑर्डर हाती धरून रुजू झालेल्या माणसाच्या कानाला ते मराठीच ऐकू आले. लेखणी उचलण्यापूर्वी मी हिच्याकडे पाहिले, आणि जन्मात प्रथमच विचारले, "इथे?"

तिने मान डोलावली. मी रुजू झालो.